नेवऱ्याचा प्रीफेक्ट: दहा ओळी आणि त्यांवरचे भाष्य

जुन्या शास्त्रग्रंथांत आधी सूत्र येते आणि मागून भाष्य. कधी दोन्ही एकाच हातचे असतात. अशा भाष्याला स्वोपज्ञ म्हणतात. खालच्या दहा ओळी माझ्या आहेत आणि त्यांवरचे भाष्यही माझेच. विषय आहे बेर्नार्दो पेरिश द सिल्वा. गोव्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: पोर्तुगीज अमलात गोव्याच्या कारभाराचे प्रमुख झालेले एकमेव गोमंतकीय, आणि तेही जेमतेम सतरा-अठरा दिवस. हे वाक्य खरे आहे, पण त्या दिवसांनी त्या माणसाची बाकीची सारी वर्षे झाकून टाकली आहेत. म्हणून त्यांचे सारे आयुष्य ओळीओळीने मांडून तपासावे, असा बेत आहे.

॥ १ ॥ नेवऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला.

नेवरा हे तिसवाडीतले गाव, जुन्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातले. बेर्नार्दो तिथे १५ ऑक्टोबर १७७५ रोजी जन्मले. या सालाकडे नीट पाहावे. १७६१ च्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडच्या ख्रिस्ती प्रजेला जन्मजात पोर्तुगिजांइतकेच हक्क दिले होते. गोव्यातले अधिकारी ते जुमानत नाहीत असे दिसल्यावर पोंबाल या मुख्य मंत्र्याने १७७४ मध्ये तेच पुन्हा बजावले. म्हणजे बेर्नार्दो जन्मले तेव्हा समान हक्क कागदावर आलेले होते. ते हाती पडायचे तेवढे राहिले होते.

ते पडत नव्हते, याचा पुरावा बेर्नार्दो अकरा वर्षांचे असताना पुढे आला. कांदोळीच्या पिंटो घराण्याशी जोडलेला पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट १७८७ मध्ये फुटला. त्यातले पुढारी गोमंतकीय पाद्री होते आणि मोठ्या पदांवर आपल्याला घेत नाहीत हे त्यांचे मूळ दुखणे होते. पुढच्या वर्षी पंधरा जणांना फाशी झाली. शिकलेल्या ख्रिस्ती गोमंतकीयाला तेव्हा पाद्रीपण, वैद्यक, वकिली आणि कारकुनी एवढ्याच वाटा मोकळ्या होत्या. लष्करातल्या वरच्या जागा आणि राज्यकारभाराची सूत्रे यांची वाट बंद होती. पेरिश यांनी वैद्यक धरले. यात काही विशेष नव्हते. बंद वाटेचे दार ते चाळीशी उलटल्यावर ठोठावू लागले, हे विशेष. तोवर गोव्यात इंग्रजांची फौज येऊन राहून गेली होती, पोर्तुगालचा राजा नेपोलियनच्या भयाने ब्राझीलला गेला होता आणि १८१२ मध्ये गोव्याचे इन्क्विझिशन कायमचे बंद झाले होते. जुने जग हलत असल्याचे त्यांनी तरुणपणातच पाहिले होते.

॥ २ ॥ १८२२ मध्ये गोव्याने त्यांना निवडले. १८२३ मध्ये ती संसदच गेली.

ऑगस्ट १८२० मध्ये पोर्तुगालच्या पोर्तु शहरात क्रांती झाली. राजाने राज्यघटनेच्या चौकटीत राज्य करावे, ही तिची मागणी. बातमी गोव्याला पोचायला महिने लागले. १६ सप्टेंबर १८२१ रोजी गोव्यातही व्हाइसरॉय कोंद द रिओ पार्दो यांना खाली उतरवून हंगामी मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘गाझेता द गोवा’ हे पहिले वर्तमानपत्र निघू लागले. १८२२ च्या आरंभी निवडणूक झाली आणि लिस्बनच्या संसदेसाठी गोव्याने तिघांना निवडले: आंतोनियु जुझे द लिमा लैतांव, कोंस्तांसियु रॉक द कोस्ता आणि बेर्नार्दो पेरिश द सिल्वा. पहिले पोर्तुगालचे, उरलेले दोघे गोव्याच्या मातीतले.

दादाभाई नौरोजी ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये निवडून गेले ते १८९२ मध्ये, आणि तेही लंडनच्या एका मतदारसंघातून. त्याच्या बरोबर सत्तर वर्षे आधी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी आपल्यातल्या माणसांना युरोपच्या संसदेत धाडले होते. आपल्याकडे संसदीय राजकारणाचा आरंभ सांगताना कलकत्ता, मुंबई, पुणे ही नावे येतात. पणजीचे नाव या यादीत यायला हवे आणि तेही वरच्या बाजूला, असे मला ठामपणे वाटते.

प्रवास आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने चाले. १८२३ मध्ये लिस्बनला राजपक्षाने उचल खाल्ली, राज्यघटना बाजूला पडली, संसद मोडली. पेरिश यांच्या पदरी निवडणूक आली, पण ज्या सभेसाठी निवडले ती सभा हाती लागली नाही.

॥ ३ ॥ १८२७ मध्ये पुन्हा निवडले. मग राजा फिरला.

१८२६ मध्ये पोर्तुगालचे राजे दों पेद्रु यांनी नवी सनद दिली, पुन्हा निवडणूक झाली, पेरिश पुन्हा निवडून आले. १८२८ मध्ये पेद्रु यांचे धाकटे बंधू दों मिगेल यांनी सिंहासन बळकावले आणि संसद मोडली. उदारमतवादी पक्षाच्या शेकडो माणसांबरोबर पेरिश देशाबाहेर पडले. आधी इंग्लंड, मग ब्राझील. गोव्यातही हवा फिरलीच होती. ‘गाझेता द गोवा’ १८२६ मध्ये बंद पडली होती.

॥ ४ ॥ हद्दपारीत त्यांनी राज्यघटनेवर पुस्तक लिहिले.

ही ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. रिओ दि जानेरो येथे १८३२ मध्ये त्यांचे पुस्तक छापले गेले. त्याचा बाज संवादाचा आहे. लिस्बन शहरात एक तत्त्वज्ञानाचा पंडित आणि एक ‘हिंदुस्थानचा पोर्तुगीज’ बोलत बसले आहेत. विषय पोर्तुगालची राज्यघटना, तिचे फायदे आणि ती टिकवायची कशी हा. पेरिश तेव्हा छप्पन-सत्तावन्न वर्षांचे होते. दोनदा निवडून येऊन दोनदा हात रिकामे राहिलेला, घरापासून हजारो मैल लांब पडलेला हा माणूस तक्रारींचे बाड लिहीत नाही. राज्यघटना लोकांना समजेल अशा रीतीने समजावून सांगतो.

येथे शंका. स्वतःला हिंदुस्थानचा पोर्तुगीज म्हणवणाऱ्याला आपण गोव्याचा पुढारी कसे म्हणावे? ही तर परक्या राज्याशी निष्ठा झाली.

समाधान असे. शंका १९४६ च्या मुक्तिलढ्याच्या डोळ्यांनी विचारलेली आहे. १८३२ मध्ये पेरिश यांच्यासमोर प्रश्न राज्य मोडण्याचा नव्हता. राज्याने स्वतःच्या तोंडाने दिलेला शब्द पाळावा, हा होता. पोर्तुगीज नागरिक म्हणवून घेतले की पुढची प्रत्येक मागणी हक्काची होत होती. प्रजा म्हणून राहिले की तीच मागणी अर्ज ठरत होती. दादाभाई पुढे इंग्रजांना इंग्रजांच्याच न्यायबुद्धीचा दाखला देत राहिले ते याच रीतीने. मार्ग अपुरा होता हे इतिहासाने दाखवले, पण तो लाचारीचा नव्हता.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. हे राजकारण मुख्यतः जुन्या काबिजादीतल्या शिकलेल्या ख्रिस्ती घरांचे होते. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आल्या. तिथली हिंदू वस्ती, तिथले मराठी दप्तर, सत्तरीचे राणे यांचे जग या संवादाच्या बाहेर राहिले. १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी शस्त्र उचलले त्याचा पेरिश यांच्या राजकारणाशी धागा लागत नाही. गोव्यात हे दोन असंतोष एकाच शतकात शेजारी शेजारी नांदले आणि एकमेकांना फारसे भेटले नाहीत. याची किंमत दोघांनीही मोजली.

॥ ५ ॥ मे १८३४: प्रीफेक्ट.

पेरिश यांचे पुस्तक रिओत छापले गेले त्याच वर्षी, १६ मे १८३२ रोजी, आसोरिश बेटांवरून दों पेद्रु यांच्या सरकारने मोझिन्यु द सिल्व्हैरा यांचे कायदे जाहीर केले. राज्यकारभार, न्याय आणि खजिना यांची जुनी गुंतागुंत सोडवायची, प्रत्येक प्रांतावर प्रीफेक्ट नेमायचा, त्याखाली उपप्रीफेक्ट, त्याखाली स्थानिक अधिकारी, अशी ही फ्रेंच धाटणीची रचना होती. मे १८३४ मध्ये मिगेलचा पक्ष हरला आणि दोन भावांतली यादवी संपली. त्याच महिन्यात पेरिश यांची गोव्याचे प्रीफेक्ट म्हणून नेमणूक झाली.

गोव्यावर तीनशेहून अधिक वर्षे लिस्बनहून धाडलेले फिदाल्गु, म्हणजे सरदार, येत. आता तिथे नेवऱ्याचा डॉक्टर जाणार होता. पण पदाचे अधिकार कुठवर होते ते पाहिले पाहिजे. प्रीफेक्ट हा मुलकी कारभाराचा प्रमुख. व्हाइसरॉयच्या एका हातात मुलकी कागद आणि दुसऱ्या हातात फौज असे. नव्या रचनेत फौजेची बाजू वेगळी निघाली. तत्त्व म्हणून हे चांगलेच होते. बंदूक आणि न्याय एका मुठीत असू नयेत हे उदारमताचे पहिले कलम. पण लिस्बनला तत्त्व म्हणून सुचलेली ही विभागणी पणजीत उतरली तेव्हा तिचा अर्थ एवढाच उरला की गोमंतकीय माणसाला खुर्ची मिळाली आणि शिपाई मिळाले नाहीत.

॥ ६ ॥ १४ जानेवारीला सूत्रे घेतली. १ फेब्रुवारीला गेली.

पेरिश १० जानेवारी १८३५ रोजी गोव्यात उतरले आणि १४ तारखेला व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु यांच्याकडून सूत्रे घेतली. हे दों मानुएल कित्येक वर्षे गोव्यात होते. आजच्या पणजीची बरीच उभारणी त्यांच्याच काळातली. जुना कारभार, जुनी माणसे, जुने लागेबांधे सारे त्यांच्याभोवती होते.

प्रीफेक्टने नवा कायदा लागू करायला घेतला. जुनी मंडळे मोडणे, पदांची फेररचना, माणसांची अदलाबदल, हे त्यात ओघाने आलेच. १ फेब्रुवारीला फौज उठली. कर्नल फुर्तुनातु द मेलु तिचा पुढारी. प्रीफेक्टला पदावरून काढले आणि मुंबईकडे रवाना केले.

पूर्वपक्ष असा मांडला जातो: पेरिश यांनी घाई केली. जुन्यांना सांभाळून, हळूहळू बदल करायला हवे होते. वयाच्या साठीला आलेल्या माणसाला एवढे कळू नये?

उत्तर देण्याआधी एक पाहावे. उठले कोण? रयत उठली नाही. पाद्री वा गावकार उठले नाहीत. गोव्याच्या फौजेतले अधिकारी बहुतांशी पोर्तुगीज वंशाच्या, पण पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातच वाढलेल्या घरांतले होते. लष्करी हुद्दे हीच या घरांची मिळकत आणि हाच त्यांचा मान. गोमंतकीय ख्रिस्ती माणूस कारभाराच्या शिखरावर बसला, उद्या त्याचे भाईबंद हुद्द्यांवर येतील, मग या घरांपाशी उरणार काय? हा धाक पेरिश यांच्या कुठल्या एका हुकुमाने निर्माण झाला नव्हता. त्यांच्या जन्मगावाने तो निर्माण केला होता. हळूहळू चालले असते तर अठरा दिवसांच्या जागी कदाचित दोन महिने मिळाले असते. जो कायदा लागू करण्यासाठी पाठवले तोच लागू करण्याला घाई म्हणणे हे न्यायाचे नाही. दोष द्यायचाच तर त्या सरकारला द्यावा, ज्याने शब्द पाळला पण त्या शब्दामागे उभे राहण्यासाठी एक पलटण धाडली नाही.

या मताला बळकटी देणारी घटना पोर्तुगालमध्येच घडली. प्रीफेक्टची रचना तिथेही रुचली नाही आणि १८३५ च्या जुलैत नव्या हुकुमाने ती मोडून जिल्हे आणि मुलकी गव्हर्नर आणले गेले. ज्या पदासाठी पेरिश मुंबईत बसून झगडत होते, ते पद देणाऱ्यांनीच सहा महिन्यांत पुसून टाकले होते.

॥ ७ ॥ मे महिन्यात रक्त सांडले.

फेब्रुवारीचे बंड रक्ताविना पार पडले होते. प्रीफेक्टच्या बाजूचे लोक मात्र गप्प बसले नव्हते. मे १८३५ च्या आरंभी पणजीजवळच्या गास्पार दियश किल्ल्यातल्या पलटणीवर विरोधी फौज तुटून पडली, किल्ला जाळला आणि आतल्या माणसांची कत्तल केली. आज मिरामारच्या वाळूवर फिरायला जाणाऱ्यांच्या पायांखाली ही जागा आहे. गोव्याच्या उत्तर टोकाला, सावंतवाडीच्या हद्दीला लागून असलेल्या तेरेखोल किल्ल्यातही प्रीफेक्टच्या पक्षाचे लोक होते. तिथेही शिरच्छेद झाले.

पेरिश यांच्या कथेचा थट्टेने उल्लेख करणाऱ्यांनी ही ओळ वाचून मग बोलावे. अठरा दिवसांच्या कारभारासाठी माणसे मेली. आणि मारणारे व मरणारे दोघेही तेव्हा गादीवर असलेल्या पोर्तुगालच्या राणीचे नाव घेत होते, दोघेही गोव्यातच राहत होते.

॥ ८ ॥ मुंबईने आसरा दिला. अफूच्या पेढीने पैसा दिला. समुद्राने वाट दिली नाही.

१८३५ ची मुंबई म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ची मुंबई. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांची वस्ती इथे होतीच. त्यांत सर्वांत बलाढ्य नाव रोजेरियु द फारिया यांचे. चीनकडे जाणाऱ्या अफूच्या व्यापारात ते मोठे होते. जमशेटजी जीजीभॉय यांच्याशी त्यांचे व्यापारी संबंध होते. माळव्याची अफू मुंबईतून न्यायची तर इंग्रज सरकारला पैसे मोजावे लागत. म्हणून बराच माल वळसे घेत पोर्तुगिजांच्या दमणला जाई आणि तिथून मकावला. फारियांचा पैसा या वाटेवर वाढलेला होता.

फारियांनी पेरिश यांच्या मोहिमेला पैसा पुरवला. का पुरवला? आपल्या माणसाचा मान राखावा ही भावना खरी असणार. व्यापारी माणसालाही गाव असतेच. दमणमध्ये मित्राचे सरकार असले तर व्यापाराला बरे, हा हिशेबही खरा असणार. या दोन्हींतले एक निवडा असा आग्रह इतिहास धरत नाही आणि आपणही धरू नये. मात्र पेरिश यांची बाजू घेणाऱ्यांनी या पैशाचा उगम लपवू नये. चीनच्या किनाऱ्यावर माणसांना व्यसनात बुडवणाऱ्या मालाचा तो पैसा होता. गोव्याच्या हक्कांची पहिली मोहीम त्यावर उभी राहिली, हे कडू आहे आणि तसेच नोंदवले पाहिजे.

मोहीम मुंबईहून गलबतांनी निघाली ती मेच्या अखेरीस. कोकणकिनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. मे उतरला की कोळी होड्या वर ओढतात. वादळाने गलबते पांगवली आणि मोहीम तिथेच संपली. शहाण्या खलाशाने ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितले असते. पण गास्पार दियशची बातमी ताजी होती, गोव्यात आपली माणसे मारली जात होती, आणि अशा वेळी पाच महिने थांबा हा सल्ला मानणे कोणत्याही पुढाऱ्याला जड गेले असते. सहाव्या ओळीत मी घाईचा आरोप नाकारला. इथे तो मला मान्य आहे.

॥ ९ ॥ दमण आणि दीव त्यांचे राहिले.

गोवा हातचा गेला तरी दमण आणि दीव यांनी प्रीफेक्टची सत्ता मानली. १८३७ पर्यंत हा कारभार दमणहून चालला. त्याच वर्षाच्या अखेरीस बारांव द साब्रोझु हे नवे गव्हर्नर जनरल लिस्बनहून आले आणि दुभंगलेला कारभार एका छत्राखाली आला. गोव्यात मधली वर्षे हंगामी मंडळांनी चालवली होती. ओळ लहान आहे, पण तिच्यामुळे अठरा दिवसांचा हिशेब बदलतो. गोव्यात थोडे दिवस आणि दमण-दीवमध्ये सुमारे दोन वर्षे, असे पेरिश यांच्या सत्तेचे खरे माप आहे.

॥ १० ॥ गोव्याने त्यांना पुन्हा निवडले.

१८३९ मध्ये पेरिश पुन्हा संसदेवर निवडून गेले. या वेळी सभा शाबूत होती. १४ नोव्हेंबर १८४४ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले.

मला ही ओळ सर्व वादांचा निकाल वाटते. फौजेने हाकललेल्या, वादळाने परतवलेल्या, लिस्बनने विसरलेल्या माणसाला मतदारांनी विसरले नाही. १८२२, १८२७, १८३९ अशी तीन वेळा गोव्याने त्यांची निवड केली आणि या तिन्हींच्या मध्ये सत्तेची हाव सुटलेला माणूस कुठे दिसत नाही. एकच मागणी वेगवेगळ्या दारांवर नेणारा माणूस दिसतो. पुढे १८६० च्या दशकात फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांनी त्याच संसदेत गोव्याची बाजू मांडली, त्या वाटेचा पहिला खडा पेरिश यांनी टाकलेला होता. ज्या फौजेने त्यांना काढले ती फौज १८७१ मध्ये, पुन्हा बंड केल्यावर, पोर्तुगाल सरकारनेच बरखास्त केली.

मात्र पेरिश यांच्यानंतर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्याच्या गव्हर्नरपदावर लिस्बनने एकाही गोमंतकीयाची नेमणूक केली नाही.

पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही भाषा येणारी माणसे गोव्यात आजही आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी १८३२ चा तो रिओमधला संवाद मराठीत आणावा, ही विनंती.